श्वास काढलेला तारपा

चारोटीला टेम्पो थांबवला तो फक्त एका वायरसाठी. मिक्सरची पिन ढिली झाली होती, आणि गंजाडच्या लग्नात ऐन नाचात खर्रर्र झालं असतं तर वऱ्हाडाने मिथुनला कीबोर्डसकट उचलून विहिरीत टाकला असता. मे महिन्याचं ऊन, दुपार कलायला आलेली, हायवेवर गुजरातच्या ट्रकांची रांग. बाळ्या वायर आणायला गेला तो वायर घेऊन आला, वडापाव घेऊन आला, आणि दोन कुल्फ्या. त्यातली एक आधीच अर्धी चाटलेली.

"दक्षाची कुठंय?" मिथुनने विचारलं.

"तुझी दे ना तिला. भाऊ कशाला झालास?"

दक्षा दोघांच्या मधे बसली होती. आईने थंड खाऊ नको सांगितलंय हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिने आधी कुल्फी संपवली आणि मग ते सांगितलं.

आई, म्हणजे जयवंती, सकाळी टेम्पोचा दरवाजा धरून उभी राहिली होती. तलासरीच्या पुढे डोंगराकडे यांचा पाडा. दक्षाचा टायफॉईड आत्ताच उतरलेला, हाताची काडी झालेली. पण योगिता तिची शाळेतली मोठी मैत्रीण, तिचं लग्न, आणि दक्षा नाचणार नाय म्हणजे काय! तीन दिवस रडून तिने परवानगी काढली होती.

"दिवे लागायच्या आत पोरगी घरात पाहिजे," आई बोलली. "तू नाय आलास तरी चालंल."

"महालक्ष्मीची शप्पथ, आणतो."

"तिची शप्पथ तू दात घासताना पण खातोस. नीट तोंडानं सांग."

"आणतो ना, आई."

"जशी नेतोस तशी आण."

बस, एवढंच काम होतं. लग्नात वाजवायचं, आणि बहिणीला जशीच्या तशी परत आणायची. आता यात अवघड काय आहे? पण मिथुनला ओळखणाऱ्या माणसाला विचारा. हाच तो पोरगा, ज्याने सप्त्यात भजन रंगात आलं असताना कीबोर्डवरचं कुत्र्याचं बटण दाबलं होतं. हाच तो, ज्याने माईकमधून घोगरा आवाज काढून पोलीस पाटलाला त्याच्या मेलेल्या सासऱ्याचा निरोप दिला होता, आणि पोलीस पाटील धोतर सावरत पळालेला. नववीत शाळा सुटली, की शाळेने त्याला सोडलं, यावर अजून वाद आहे. पण बोटं बघाल तर पाण्यासारखी. 'जय हिमाय बँजो पार्टी'चा कीबोर्ड आणि पॅड एकटा मिथुन सांभाळायचा. बाळ्याकडे टेम्पो आणि साऊंड. उरलेली पोरं दुसऱ्या गाडीने थेट गंजाडला गेली होती.

"आता लाव ना ते," दक्षा बोलली. "नवीन वालं."

मिथुन त्याचीच वाट बघत होता. त्याने मोबाईल टेम्पोच्या डेकला जोडला आणि आवाज फुल केला.

आधी ढोल. धाड धाड धाडधाड. मग खालून गोल फिरत येणारा बास. आणि मग त्यावर, एकदम आभाळातून उतरल्यासारखा, तारपा! बाळ्या हॉर्नवर हात मारत ओरडला, "आरं तुझ्या! एक नंबर! हे वाजलं ना की पब्लिक मांडव तोडणार!"

तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा लावलेलं आपलं फुंकायचं वाद्य, आणि हा तारपा देवजी आजाचा होता. आईचा बाप. पंचक्रोशीत आजासारखा तारपा कोणी वाजवत नव्हता, पण आजाचं डोकं उलटं. नवीन भात आलं की देवाला दाखवून, ताडीचा पहिला घोट जमिनीला देऊन तारपा तोंडाला लावायचा, दिवाळीपर्यंत वाजवायचा, आणि मग जो आढ्याला टांगायचा तो थेट पुढच्या भातापर्यंत. मधे कोणी राजा आला तरी हात लावायचा नाय. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने त्याला रोज संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाजवायला बोलावलं होतं, जेवण-खाण-पगार सगळं. आजा बोलला, "माझा देव नोकरीला नाय."

संपलं. मिथुनने तेव्हा कपाळावर हात मारलेला. त्याचं म्हणणं, आजाकडे कला होती पण करिअर नव्हतं. मिथुनकडे करिअर होतं, म्हणजे रंगीत कार्ड होतं, त्यावर कीबोर्डचा फोटो आणि महालक्ष्मीचा फोटो, आणि मधे मिथुनचा, दोघांपेक्षा मोठा.

गेल्या दिवाळीत आजा वाजवत होता तेव्हा मिथुनने गुपचूप मोबाईल शेजारी ठेवला होता. शिमग्याला आजा गेला. त्याचा तारपा त्याच्याबरोबरच चितेवर ठेवला. राहिलं ते मोबाईलमधलं. मिथुनने ते ॲपमध्ये टाकलं, चकाचक केलं, कापलं, आणि शेपटाला तोंड जोडून गोल केलं, म्हणजे कितीही वेळ वाजवा, जोड कळणार नाय.

"दादा," दक्षा मधेच बोलली, "आजा वाजवायचा तसं वाटत नाय हे."

"का? त्याचाच तर आहे."

"आहे... पण ह्यात आजा नाय."

"आजा खोकायचा, ते पण घालू काय?"

बाळ्या हसला. दक्षा नाय हसली. ती कान वाकडा करून डेककडे बघत राहिली, जसं आतून कोणी यायचं राहिलंय.

*

गंजाडला मांडव रस्त्यापासून आत, कापलेल्या भाताच्या शेतात टाकला होता. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं, मधे सारवून टणक केलेलं मोठं खळं. लग्न सकाळीच लागलं होतं. ते लावलं होतं जानी धवलेरीने. धवलेरी म्हणजे आपल्याकडे लग्न लावणारी बाई. ती गाणं म्हणते, आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. जानी आजी आयुष्यभर तेच करत आलेली. तिच्या गाण्यावर लग्न लागलेल्यांच्या नातवंडांची लग्नंही तिनेच लावली होती. आता काम आटपून मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, तोंडात पान, डोळे बारीक.

"आली काय रं तुमची मशीन?" तिने मिथुनला विचारलं.

"आली आजी. तुमच्यासाठी स्पेशल वाजवू?"

"माझे कान फुटायचे राहिलेत तेवढे फोड."

पोरांनी स्पीकर रचले. जनरेटर घराच्या मागे धडधडायला लागला. वाजवायच्या आधी मिथुनने नेहमीसारखी ॲम्प्लिफायरला अगरबत्ती ओवाळली, कीबोर्डला हळद-कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले. पोरगा कितीही वांड असला तरी इथे मस्करी नाय. अगरबत्ती विसरले त्या दिवशी बोईसरला स्पीकर जळालेला.

मग काय विचारता! पहिल्या गाण्यालाच धूळ उठली. नवऱ्याकडची माणसं विरुद्ध नवरीकडची माणसं, कोण आधी थकतो बघू. काका लोक टोप्या उडवायला लागले. एक जाडा मामा कमरेचा रुमाल दातात धरून असा नाचला की त्याची बायको मांडवाबाहेर जाऊन बसली. लग्नाचा व्हिडिओवाला खुर्चीवर चढला. ऊन तांबूस व्हायला लागलं होतं, मोगऱ्याचा, मटणाचा आणि डिझेलचा वास एकात एक मिसळला होता, आणि मिथुनच्या अंगात नुसती वीज.

त्याने माईक घेतला.

"आता जे वाजणारे ना, ते आजपर्यंत कुठंच वाजलं नाय! पैली बार, गंजाडमधी! कमरेला हात घाला, फेर धरा! तारपा डीजेऽऽ!"

"तारपा?" खांबाजवळून जानी आजी बोलली. "शेतात कणीस नाय, आणि तारपा?"

पण तिचं कोण ऐकतंय. मिथुनने बटण दाबलं.

तारप्याचा पहिला सूर गेला, आणि सगळं खळं एकदम उठलं. कोणाला सांगावं लागलं नाय. हात आपोआप शेजाऱ्याच्या कमरेत गेले, माळ तयार झाली, पाय पडायला लागले. एक पुढे, एक मागे, झुक, टाच. मुंबईला नोकरी करणारे, गॉगलवाले, ज्यांना फेर येत नाय असं त्यांना वाटत होतं, त्यांनाही आला. मामा आला. नवरी योगिता मुंडावळ्या सांभाळत आली. आणि माळेच्या अगदी शेवटी, शेपटाला, दक्षा. हातांच्या काड्या, डोळे चमकणारे.

मिथुन हसत सुटला. त्याने बाळ्याला टाळी दिली. हे गाणं आता पालघर जिल्ह्यातच राहत नाय, सिल्वासा, वापी, सुरत! व्हिडिओवाल्याला त्याने खुणेने सांगितलं, मला पण घे.

जरा वेळाने ऊन ताडांच्या मागे गेलं. मिथुनला आईचे शब्द आठवले. दिवे लागायच्या आत. हे संपवू, पोरीला टेम्पोत घालू आणि निघू. त्याने स्टॉपचं बटण दाबलं.

गाणं चालू राहिलं.

पुन्हा दाबलं. वायर ओढली. ढोल बंद झाला. बास बंद झाला. तारपा चालू.

"बाळ्या, मेन काढ रे. हँग झालं."

बाळ्याने मेन काढला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. मांडवातली दिव्यांची माळ विझली. घराच्या मागचा जनरेटर पण दोन आचके देऊन गप झाला.

तारपा चालू.

मिथुनने स्पीकरच्या जाळीला कान लावला. आत काही नव्हतं, नुसता थंड पत्रा. मग त्याने मान वळवली... आवाज मागून येत होता. खळ्यातून. फेराच्या मधून. जिथे कोणीच नव्हतं.

आणि माळ त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होती. सगळ्यांची तोंडं आत. तारप्याला पाठ दाखवायची नसते, लहान पोराला पण माहीत असतं. स्पीकर फेराच्या बाहेर होते. त्यांच्याकडे सगळ्यांची पाठ होती.

"थांबा!" मिथुन ओरडला. "अरे थांबा, नाचू नका!"

कडेला जेवायला बसलेली माणसं हसली. "मिथ्या, नाटक बंद कर! आधी तो आवाज बंद कर, मग बोल!"

"माझा नाय आवाज! वायर बघा, वायर काढलीये!"

"पोलीस पाटलाच्या सासऱ्याचा असंल!" कोणीतरी बोललं, आणि सगळी पंगत खदाखदा.

देवाशप्पथ सांगायचं तर त्या क्षणी मिथुनला पहिल्यांदा आपल्या मस्करीचा राग आला. तो धावत दक्षाकडे गेला, तिचा दंड धरून ओढला. ती हलली नाय. टायफॉईडमधून उठलेली पोरगी, फुंकर मारली तर पडेल, आणि आंब्याचं खोड ओढावं तशी जड. पाय मात्र चालू. एक पुढे, एक मागे, झुक, टाच.

"दक्षा! घरी जायचंय ना? आई..."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. आत बघत होती, हसऱ्या तोंडाने. आणि मिथुनला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. एवढा वेळ नाच, मे महिना, आणि कपाळ कोरडं. तिची छाती वरखाली होत नव्हती... कोणाचीच होत नव्हती. तो जाडा मामा, जो दोन पायऱ्या चढला तरी भात्यासारखा हापतो, तो पण गप. ओठ जांभळे पडत चाललेले.

दुसरी गोष्ट. दक्षा शेपटाला होती. तिच्या उजव्या हाताला शेजारची बाई. डाव्या हाताला कोणी नाय. पण तो डावा हात खाली लोंबत नव्हता. तो वळला होता, कोपरात वाकून, अलगद... कोणाच्या तरी कमरेत घातल्यासारखा. आणि तिच्या पलीकडे, सारवलेल्या जमिनीवर, धूळ उडत होती. टाच पडावी तशी. पुढे... मागे...

मिथुन मागे सरकला तो थेट जानी आजीच्या अंगावर. म्हातारी उठून आली होती. तिने तोंडातलं पान थुंकून टाकलं होतं, आणि एका लहान पोराचे कान तिने दोन्ही तळव्यांनी दाबून धरले होते.

"कोणाचा तारपा हा?" तिने हळूच विचारलं.

"माझ्या आजाचा. देवजीचा. तलासरीकडचा... मोबाईलमधे घेतलेला."

"देवजीला मी ऐकलाय. हा देवजी नाय. श्वास कुठंय?"

"काय?"

"श्वास रं, पोऱ्या! गाल भरून वाजवतो, आणि वाजवता वाजवता नाकाने ओढतो. सूंऽऽ करून आवाज होतो. कुठं गेला तो?"

 ॲपमध्ये 'नॉईज काढा' असं बटण होतं. सुरांच्या मधे मधे ते सूं... सूं... यायचं, गाणं खराब वाटायचं. त्याने एक एक करून सगळे काढले होते. किती मेहनत घेतली होती!

"मी... काढला. साफ केलं."

म्हातारीने डोळे मिटले. मग त्याच्या कानाशी तोंड आणून बोलली, "आम्ही पोरी होतो तेव्हा रानातून तारपा ऐकू आला की आधी उभं राहून ऐकायचो. श्वास आला तर माणूस वाजवतोय. मग पाय टाकायचा. श्वास नाय आला तर..."

"तर?"

"तर घरी जायचं. कान झाकून. ज्याला श्वास लागत नाय तो थांबणार कशाला? आणि त्याच्यामागे जो नाचतो, तोही घ्यायचा विसरतो."

फेर फिरत होता. माळेतलं कोणीतरी लहानसं, आनंदाने हसलं, पण हसण्याला वारा नव्हता.

"आता काय करू?"

"श्वास परत घाल त्याच्यात."

मिथुनने मोबाईल काढला.  पहिलं रेकॉर्डिंग शोधलं... नव्हतं. जागा पुरत नाय म्हणून त्याने ते पुसून टाकलं होतं. आजाचा शेवटचा श्वास, आणि त्याच्या जागी त्याने दोन कॉमेडी व्हिडिओ भरले होते.

"नाय आजी. नाय राहिला."

"मग तुझा घाल. तारपा येतो तुला?"

"येत... म्हणजे आजाने शिकवलेला. पण मला दम जमत नाय. मधेच तुटतो, फार आवाज होतो. आजा बोलायचा, रेडा पाण्यात बुडतोय..."

"घरात आहे माझ्या माणसाचा. आणते." आणि सत्तरीची म्हातारी लुगड्याचा कासोटा मारून शेताच्या बांधावरून धावत सुटली.

मिथुनला थांबवेना. दक्षाचे ओठ आता जांभळाच्या रंगाचे झाले होते. पश्चिमेला फक्त एक लाल रेघ उरली होती. पंगतीतली माणसंही आता हसायची थांबली होती. कोणीतरी आपल्या बायकोला हाका मारत होतं, कोणी माळेतून पोराला ओढत होतं, आणि ज्याने ओढलं त्याचेही पाय जागच्या जागी पडायला लागले होते. बाळ्या टेम्पोच्या टपावर चढून रामरक्षा, हनुमान चालिसा, जे अर्धं अर्धं येत होतं ते सगळं एकात एक म्हणत होता.

मिथुन दोघांच्या हाताखालून वाकला आणि फेरात शिरला.

आत थंड होतं. पहाटे भाताच्या खाचरात उतरल्यावर लागतं तसं. ओल्या मातीचा, ताज्या कापलेल्या पेंढ्याचा वास... मे महिन्यात. आवाज इतका जवळ की दातात वाजत होता. धुळीत काही दिसेना. त्याने हात पुढे केले, आंधळ्यासारखे, आणि ओरडला, "आजी! द्या लवकर!"

कोणीतरी हातात तारपा दिला.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने तो तोंडाला लावला, गाल फुगवले आणि फुंकला.

कसला आवाज निघाला म्हणून सांगू! फाटक्या टायरमधून हवा जावी तसा. सूर वाकडा, ताल लंगडा, आणि दम तुटला तेव्हा मिथुनने नाकाने असा काही वारा ओढला... घर्रर्रऽऽ सूंऽऽक! रेडा बुडाला! परत फुंकला. परत घर्रर्र. डोळ्यात पाणी, छातीत भाता पेटलेला. पण त्याने लपवलं नाय. उलट मुद्दाम मोठ्याने ओढला, जेवढा ओढवेल तेवढा. आजा, बघ! बुडतोय रेडा! घर्रर्रऽऽ सूंऽऽक!

माळेत कुठेतरी फिस्स झालं. तो जाडा मामा. आधी नाकातून हसू फुटलं, मग त्याला हसण्यासाठी वारा लागला, आणि त्याने तो घेतला. हाऽऽ! खोकला आला, डोळे उघडले, आणि मामा धप्पकन खाली बसला. त्याच्या शेजारचा बसला. योगिता मुंडावळ्यांसकट बसली. एकेक करून सगळी माळ उसवत गेली, खोकत, ओकत, छाती धरून. मिथुन वाजवत वाजवत त्यांच्या तोंडापुढून फिरत गेला, प्रत्येकाच्या कानात रेडा बुडवत.

शेवटी दक्षा. ती अजून उभी होती. तिचा डावा हात अजून वाकलेला, आणि आता ती सरकत होती, माळेपासून सुटून, ताडांकडे, हळूहळू... कोणी नेत असल्यासारखी.

"नाय," मिथुन बोलला. त्याने तारप्याचा कर्णा तिच्या कानाला लावला आणि जीव खाऊन फुंकला. दम संपला. डोळ्यापुढे काळं आलं. त्याने वारा ओढला तो रडतच ओढला.

दक्षाचं तोंड वाकडं झालं. तिने कानावर हात मारला. डावा हात.

"दादा! किती घाण वाजवतोस रे!"

मिथुनने तिला मिठी मारली. तिची छाती धाडधाड वरखाली होत होती. आजूबाजूला एवढी माणसं हापत होती की वाटावं शंभर तारपे एकदम फुंकतायत. खळ्यातला तो आवाज गेला होता. जनरेटर आपोआप धडधडला, मांडवातली दिव्यांची माळ लागली, आणि त्या उजेडात लोक एकमेकांकडे असे बघायला लागले, जसे परगावाहून आत्ताच उतरलेत.

मग अर्थात शिव्या सुरू झाल्या. "कसली मस्करी ही!" "मारा रे त्या मिथ्याला!" मिथुनने एकही शिवी परत दिली नाय. दक्षाला उचलून टेम्पोकडे चालला. बाळ्या टपावरून खाली उतरला आणि साऊंड पोरांच्या भरवशावर टाकून चावी शोधायला लागला.

तेवढ्यात बांधावरून जानी आजी आली. धापा टाकत. हात रिकामे.

"पोऱ्या... कुलूप लावून सून बाजाराला गेली रं... दगड मारला तरी तुटेना..." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर मिथुनच्या काखेतल्या तारप्यावर गेली. "हा कुठून आणलास?"

"तुम्हीच दिला ना. आत, धुळीत..."

 म्हातारी एक पाऊल मागे सरकली. मांडवातल्या उजेडात तिचा चेहरा पिठासारखा दिसला.

"इथं ठेवू नको," ती बोलली. "ज्याच्या हातात दिलाय त्यानेच न्यायचा. पोरीला घे आणि जा. मागे बघू नको... जा."

*

टेम्पो हायवेला लागला. दक्षा मधे बसून मिथुनच्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून, मस्त घोरत. मिथुनला तेवढं ऐकतच राहावंसं वाटत होतं. उशीर झालाय, आई बोंबलणार, पण पोरगी जशी नेली तशी आणली. बोंबलू दे.

महालक्ष्मीचा डोंगर आला तेव्हा बाळ्याने स्टेअरिंग सोडून हात जोडले, आणि आतला दिवा लावला.

"काय रं, तो तारपा बघू जरा. म्हातारी एवढी का घाबरली?"

मिथुनने तो पायाशी ठेवला होता. उचलून मांडीवर घेतला. बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, मेणाचे जोड. सगळं नीट. मग त्याने मधला भोपळा फिरवला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

तारप्याचा भोपळा वाळलेला असतो, लाकडासारखा टणक, पिवळा. हा हिरवा होता. कोवळा. अंगावर बारीक पांढरी लव. नखाने दाबलं तर नख आत गेलं. कच्च्या भोपळ्यात नुसता गर असतो, तो वाजूच शकत नाय. आणि मे महिन्यात, जिथे विहिरी आटल्यात, तिथे कोणाच्या वेलीवर भोपळा आहे?

"बाळ्या..."

देठ ओला होता. आत्ताच तोडल्यासारखा. त्यातून चीक गळत होता, पत्र्यावर. टप. टपटप. टप.

"बाळ्या, अरे ऐक ना..."

 बाळ्या समोर रस्त्याकडे बघत होता, हसऱ्या तोंडाने. टेम्पो झटके घेत होता. मिथुनने खाली बघितलं. थेंब पडत होते त्या तालावर बाळ्याचा पाय रेसवर पडत होता. एक पुढे, एक मागे, झुक, टाच.